गावच्या वीरगळाजवळ माहितीफलक लावायचा आहे; मजकूर कसा असावा?

डिचोलीचा वाटसरू (प्रश्न)

सर्वांना सप्रेम नमस्कार. आमचे गाव गोव्याच्या डिचोली तालुक्यात आहे. मुख्य रस्त्याला देवळाकडे जाणारी वाट जिथे फुटते, तिथे वडाच्या मुळांत अर्धवट अडकलेली, साधारण तीन फूट उंचीची एक काळी शिळा आहे. तिच्यावर एकावर एक असे तीन कप्पे कोरलेले आहेत. तळच्या कप्प्यात ढाल-तलवार घेतलेला पुरुष दोघांशी लढताना दिसतो, मधल्या कप्प्यात दोन स्त्रिया त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत आहेत आणि वरच्या कप्प्यात तोच पुरुष शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. अगदी माथ्यावर चंद्र आणि सूर्य आहेत. गावात या शिळेला राखणदार म्हणतात. रविवारी कोणी ना कोणी तेल घालते, अमावास्येला रोट आणि केळी ठेवली जातात, आणि नवी गाडी घेतलेला माणूस पहिला नारळ इथेच फोडतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी गावातल्या तरुणांनी तिथे निळ्या पत्र्याचा एक फलक लावला होता. त्यावर ‘शिवकालीन वीराची समाधी’ एवढाच मजकूर होता. रस्त्याच्या कामात तो फलक काढला गेला आणि सध्या पंचायतीच्या मागच्या पडवीत भिंतीला टेकून उभा आहे. आता देवस्थान समितीने त्या जागी दगडी फलक बसवण्याचे ठरवले असून मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी पेशाने हिशेबनीस आहे. इतिहासाची आवड आहे, पण अभ्यास नाही.

समितीत तीन मते आहेत. एका गटाला जुना मजकूर जसाच्या तसा हवा आहे, कारण शिवाजी महाराजांनी नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे देऊळ बांधले हे सर्वांना ठाऊक आहे आणि नार्वे आमच्याच तालुक्यात आहे. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की राखणदार हे दैवत असल्यामुळे त्याला ‘कोणा मेलेल्या माणसाचा दगड’ म्हणणे योग्य नाही. तिसरा गट, म्हणजे मी आणि एक निवृत्त पोस्टमास्तर, एवढेच म्हणतो की जे खात्रीने माहीत आहे तेच कोरावे. आमच्या हाती मात्र खात्रीचे फारच थोडे आहे. अशा वेळी फलकावर काय लिहितात? नाव नाही, साल नाही, लेख नाही, तरीही चार ओळी होतील का? शिवाय फलक कोणत्या दगडाचा करावा आणि कोणाची परवानगी लागते, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

निवृत्त इतिहास शिक्षक, बार्देश

आपण शिळेचे वर्णन इतके नेमके केले आहे की फलकाचा निम्मा मजकूर आपण प्रश्नातच लिहून ठेवला आहे. नाव आणि साल नसले तरी शिळा मुकी नाही. हा वीरगळ आहे. लढाईत मरण आलेल्या माणसासाठी असा दगड उभारण्याची पद्धत कोकण, गोवा आणि कर्नाटक या सबंध पट्ट्यात होती, आणि ‘गळ’ हा शब्द कन्नडमधील ‘कल्लु’ म्हणजे दगड या शब्दावरून आला आहे. कप्प्यांचा क्रम खालून वर वाचायचा असतो: मरण, अप्सरांनी स्वर्गात नेणे, आणि शेवटी इष्टदेवतेच्या सान्निध्यात वास. चंद्रसूर्याचा अर्थ असा की ते आकाशात आहेत तोवर ही स्मृती राहावी. दानपत्रांतही ‘आचंद्रार्क’ हा शब्द याच अर्थाने येतो. वरच्या कप्प्यात शिवलिंग असल्यामुळे तो वीर, किंवा निदान त्याचा दगड घडवून घेणारे लोक, शिवाचे उपासक होते, असेही म्हणता येते. हे सगळे कोणत्याही दफ्तरात न जाता, शिळेसमोर उभे राहून सांगता येण्याजोगे आहे.

आता ‘शिवकालीन’ या शब्दाविषयी. नार्वेच्या सप्तकोटेश्वराच्या देवळावर शिलालेख आहे. त्यात शके १५९०, म्हणजे इ. स. १६६८ चा उल्लेख असून महाराजांच्या आज्ञेने देवालयाचे काम सुरू झाल्याचे नोंदलेले आहे. तो पुरावा त्या देवळापुरता आहे. तालुका एक म्हणून शेजारच्या गावातली शिळा आपोआप त्या काळात जात नाही. गोव्यातील वीरगळांपैकी बरेचसे कदंबांच्या राजवटीशी जोडले जातात, आणि कदंबांची सत्ता इथे सुमारे दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चौदाव्या शतकापर्यंत होती. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात त्या काळचे काही वीरगळ ठेवलेले आहेत. त्यांतल्या काहींवर जहाजांतून चाललेली लढाई कोरलेली आहे, आणि चंद्रपूर व गोपकपट्टण या नदीकाठच्या राजधान्यांतून राज्य केलेल्या घराण्याचे ते चित्र आहे हे ध्यानात घेतले की त्याचा अर्थ लागतो. आपल्या समितीला एकदा तिथे घेऊन जा, असे मी आग्रहाने सुचवतो. वादविवाद करण्यापेक्षा दोन शिळांतले साम्य डोळ्यांनी पाहिलेले बरे. तरीही आपल्या फलकावर ‘कदंबकालीन’ असे लिहू नका. जाणकाराने शस्त्रे, केशरचना आणि कोरण्याची धाटणी तपासून तसे सांगितले तरच लिहा. तोवर ‘मध्ययुगीन’ हा शब्द पुरेसा आहे.

‘समाधी’ हा शब्दही काढावा. वीरगळाखाली देह असतोच असे नाही. तो स्मृतीचा दगड आहे, आणि पुष्कळदा रस्ता रुंद करताना, तळी उपसताना किंवा देवळाचा जीर्णोद्धार होताना तो मूळ जागेवरून हललेलाही असतो. आपला वीरगळ वडाच्या मुळांत आहे याचा अर्थ ती मुळे त्याच्याभोवती वाढायला लागला निदान तेवढा काळ तो तिथे आहे, एवढेच.

शिळा नीट पाहण्याची एक साधी रीत सांगतो. दिवसा, विशेषतः दुपारी, कोरीवकाम सपाट दिसते. अंधार पडल्यावर विजेरी शिळेच्या एका कडेला, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरावी. तिरप्या उजेडात प्रत्येक खोलगट रेघेत सावली भरते. आमच्या गावच्या एका शिळेवर जे मी कित्येक वर्षे धनुष्य समजत होतो ते अशा उजेडात ढालीची कड निघाले, आणि त्या ढालीमागे तोवर कोणालाही न दिसलेला दुसरा माणूस होता. हा प्रयोग करताना शिळा घासू नका. तेलाचे थर काढण्यासाठी तारेचा ब्रश, ॲसिड किंवा साबणाचा सोडा वापरला तर तेलाबरोबर नक्षीही जाते.

दुसऱ्या गटाचे म्हणणे मात्र हसण्यावारी नेऊ नका. ‘राखणदार’ हे नाव फलकावर यायलाच हवे. गोव्यात कितीतरी वीरगळ आणि सतीशिळा पायऱ्यांत, विहिरींच्या काठांत आणि बांधांत गेल्या. आपली शिळा वाचली ती तिच्यावर कोणीतरी दर रविवारी तेल घालत होते म्हणून. तेल घालणाऱ्यांची श्रद्धा हाही त्या शिळेच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि कदाचित तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा भाग.

म्हापशाचा एक वाचक

शिक्षक महोदयांचा आदर राखून लिहितो. एका गावच्या फलकासाठी एवढा कीस काढण्याची खरोखर गरज आहे का? शिवकालीन म्हटल्याने कोणाचे नुकसान होते? मुले थांबून वाचतील, त्यांना अभिमान वाटेल, प्रवासी फोटो काढतील. ‘मध्ययुगीन’ असे वाचून कोण थांबणार आहे?

सासष्टीकर

वरील वाचकांना उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण फलकावरच्या शब्दांनी काय होते आणि काय राहून जाते हे आम्ही सासष्टीत जवळून पाहिले आहे.

कुंकळ्ळीचे उदाहरण घ्या. १५८३ साली तिथे जेझुइट या ख्रिस्ती पंथाचे रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्यांच्याबरोबरचे चार जेझुइट मारले गेले. पुढे त्या गावच्या गावकऱ्यांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. त्यांतला एकजण नदीत उडी टाकून निसटला, अशी परंपरा आहे. या सगळ्या संघर्षामागे देवळांचा विध्वंस होता, कर न भरण्याचा गावांनी घेतलेला पवित्रा होता, आणि नंतर त्या गावांच्या जमिनीही गेल्या. मारल्या गेलेल्या धर्मगुरूंना रोमने १८९३ साली ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) घोषित केले, त्यांची स्मृती चर्चने विधिपूर्वक जपली. गावकऱ्यांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहायला एकविसावे शतक उजाडावे लागले. या चार शतकांत तिथे जो कोणी दगडावरचे अक्षर वाचत होता, त्याला अर्धीच गोष्ट कळत होती. कोरलेले प्रत्येक अक्षर खरे असले तरी गोष्ट अर्धी राहू शकते. मग मुळातच अंदाजाने कोरलेल्या अक्षरांचे काय होईल, याचा विचार वाचकांनी करावा.

दुसरे उदाहरण पणजीचे. तिथे ‘१८ जून मार्ग’ आहे. राममनोहर लोहिया आणि ज्युलियांव मिनेझिस यांनी १९४६ साली त्या तारखेला मडगावात नागरी स्वातंत्र्यासाठी सभा घेतली, हे गोव्यातल्या शाळकरी मुलाला माहीत असते. तिथून जवळच फोंतांयन्याश या जुन्या वस्तीतून ‘३१ जानेवारी मार्ग’ जातो. माझ्या ओळखीतल्या पुष्कळांना ती तारीखही मुक्तिलढ्यातलीच वाटते. खरे तर १८९१ साली त्या दिवशी पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांचा उठाव झाला आणि तो फसला. ते नाव तिथून आले. निळ्या-पांढऱ्या फरशीवर नुसती तारीख आहे, स्पष्टीकरण नाही, म्हणून वाचणारा आपल्याला सोयीची गोष्ट तिच्यात भरतो. मला स्वतःला ते नाव बदलावे असे वाटत नाही. खाली दोन ओळी असाव्यात एवढेच वाटते.

जुन्या गोव्यातल्या हातकातरो खांबाचीही तीच कथा. इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, काळात त्या खांबाला बांधून लोकांचे हात तोडत, असे सर्रास सांगितले जाते. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, इन्क्विझिशन होते आणि त्याचे अत्याचार नोंदलेले आहेत. परंतु खांब त्याहून पुष्कळ जुना असून त्यावर जुन्या कन्नड वळणाची अक्षरे आहेत. हात तोडल्याची कथा लोकपरंपरेतून आली आहे. ती सांगू नये असे मी म्हणणार नाही. ‘परंपरा अशी आहे’ हे तीन शब्द तिच्याआधी हवेत. ते शब्द नसल्यामुळे खांबाचा त्याआधीचा सगळा इतिहास त्या एका कथेखाली गाडला गेला आहे.

आता थांबून वाचण्याविषयी. पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक राष्ट्रीय महामार्गावर, थेट सीमेवर आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही तिथे पोर्तुगीज गोळीबाराला सामोरे गेले. पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल तिथेच धारातीर्थी पडले. याहून मोठा विषय फलकाला मिळणार नाही. तरीही गाड्या सरळ निघून जातात. लोक मजकुरामुळे थांबत नाहीत, थांबायला जागा असली तर थांबतात. आपल्या गावात कदंबा या सरकारी बसचा थांबा वडाजवळ असेल तर फलक त्या थांब्यावरून वाचता येईल असा लावा. बसची वाट पाहणारा माणूस ‘मध्ययुगीन’ हा शब्दही वाचतो.

सत्तरीचा कारभारी

मजकुराविषयी वरील मंडळींनी लिहिलेच आहे. मी दगड आणि कागदपत्रे यांविषयी लिहितो, कारण सत्तरीच्या राणे घराण्याच्या १८५२ च्या बंडाची आठवण म्हणून आमच्या वाड्यावर लावलेल्या एका फलकाच्या कामावर मी देखरेख केली होती आणि त्यात शक्य त्या सगळ्या चुका आम्ही करून घेतल्या.

पहिली चूक दगडाची. चिरा, म्हणजे जांभा दगड, स्वस्त आणि हाताशी असतो, पण त्याला भोके असतात; अक्षराची कड धरत नाही आणि दोन पावसाळ्यांत शेवाळाने काळा पडतो. चिऱ्याचा चौथरा करावा, फलक मात्र काळ्या पाषाणाचा असावा. गुळगुळीत ग्रॅनाइटवर सोनेरी रंग भरलेली अक्षरे उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतात, पण रंग उडाला की वाचता येत नाहीत. अक्षरे खोल कोरून घ्या आणि रंग भरूच नका. फलकाचे तोंड शक्यतो पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो आणि त्या बाजूच्या दगडावर शेवाळ आधी चढते. चौथरा जमिनीपासून निदान दोन फूट वर असावा, नाहीतर रस्त्यावरचा तांबडा चिखल खालच्या दोन ओळी दरवर्षी पुसून टाकेल.

दुसरी चूक अक्षरांची. कारागीर परराज्यातला होता, देवनागरी त्याला चित्रासारखी दिसत होती. त्याने ‘हुतात्मा’चा ‘हुतामा’ केला आणि दोन अनुस्वार गाळले. दगडावर खोडता येत नाही. शेवटी ती लादी उलटी करून मागच्या बाजूवर सगळा मजकूर पुन्हा कोरावा लागला. ‘हुतामा’ अजून त्या भिंतीच्या पोटात आहे. तेव्हा मजकूर पूर्ण आकारात कागदावर छापून तो कागदच दगडावर चिकटवून द्यावा, आणि छिन्नी लागण्याआधी तिघांनी स्वतंत्रपणे वाचावा. साठ-सत्तर शब्दांपेक्षा जास्त मजकूर देऊ नका. शब्द वाढले की अक्षर लहान होते आणि अनुस्वार पहिला मरतो.

कागदपत्रांचे असे. आधी त्या जागेचा एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढा. जागा देवस्थानची, कोमुनिदादीची (गावकरी संस्थेची) की कोणा भाटकाराची (जमीनदाराची), हे गावात सगळे जाणतात असे आपल्याला वाटते आणि उताऱ्यावर भलतेच नाव निघते. पंचायतीचा ना हरकत दाखला लागेल. फलक रस्त्याच्या हद्दीत येत असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याकडे (साबांखा) अर्ज करावा लागेल, आणि रुंदीकरणाची आखणी कुठपर्यंत आहे तेही तिथेच विचारून घ्या. नाहीतर नवा फलकही जुन्याच्या शेजारी पडवीत जाऊन बसेल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिळेला हात लावू नका. शंभर वर्षांहून जुन्या कोरीव शिळेला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली संरक्षण आहे. ती मुळांतून सोडवणे, सिमेंटने बसवणे, वर घुमटी बांधणे यांपैकी काहीही करण्याआधी पणजीच्या पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा. फोटो जोडून पत्र दिले तर पाहणीला माणूस येण्याची शक्यता असते, आणि काळाविषयी अधिकृत मतही त्यातूनच मिळेल.

डिचोलीचा वाटसरू

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले याबद्दल मनापासून आभार. काल रात्री पोस्टमास्तर आणि मी विजेरी घेऊन गेलो होतो. तेलाचा थर जाड असल्यामुळे खालचा कप्पा फारसा उलगडला नाही, पण मधल्या कप्प्यातल्या एका अप्सरेच्या हातात काहीतरी गोंड्यासारखे दिसले, चवरी असावी. आम्ही उजेड पाडत असताना देवळाकडून येणाऱ्या एक वृद्ध आजी थांबल्या आणि ‘राखणदाराला झोपू द्या’ म्हणून आम्हांला दटावून गेल्या.

एक-चौदाच्या उताऱ्यावर जागा देवस्थानची निघाली, त्यामुळे तो प्रश्न सुटला. समितीपुढे ठेवण्यासाठी केलेला मसुदा खाली देत आहे.

‘वीरगळ. लढाईत मरण आलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली ही शिळा मध्ययुगीन आहे. खालच्या कप्प्यात युद्ध, मधल्या कप्प्यात अप्सरांसह स्वर्गारोहण आणि वरच्या कप्प्यात शिवलिंगाची पूजा कोरलेली आहे. माथ्यावरील चंद्रसूर्य ही स्मृती अखंड राहावी असे सुचवतात. शिळेवर लेख नाही. ग्रामस्थ या वीरगळीला राखणदार मानून पिढ्यानपिढ्या तेल आणि रोट अर्पण करीत आले आहेत. हा वीरगळ कोणीही हलवू किंवा रंगवू नये.’

पहिल्या गटाची समजूत अजून पुरती पटलेली नाही. त्यांच्या प्रमुखांनी एक तोडगा सुचवला आहे: नार्वेच्या देवळाचा आणि शके १५९० च्या लेखाचा वेगळा फलक बसथांब्यावर लावायचा, म्हणजे महाराजांचे नावही येईल आणि शिळेवर खोटे काही लिहिले जाणार नाही. मला तो मान्य आहे. जुना निळा पत्रा मात्र तरुण मंडळाने मागून घेतला आहे. तो त्यांच्या खोलीत टांगणार आहेत.

निवृत्त इतिहास शिक्षक, बार्देश

मसुदा उत्तम झाला आहे आणि बसथांब्याचा तोडगा त्याहून उत्तम. दोनच सूचना. आपण एका ओळीत ‘या वीरगळीला’ असे स्त्रीलिंगी आणि पुढच्याच ओळीत ‘हा वीरगळ’ असे पुल्लिंगी लिहिले आहे. दोन्ही प्रयोग चालतात, पण एका दगडावर एकच ठेवावा. मी ‘या वीरगळाला’ करीन. आणि ‘रंगवू नये’ याच्यापुढे ‘घासू’ हेही घाला, कारण फलक लागला की पहिला उत्साही माणूस शिळा स्वच्छ करायला ब्रश घेऊन येईल. त्या आजींना मसुदा वाचून दाखवला का?